न उघडलेली पाचवी दानशाळा

फार पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने एका आचाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव शीलक. रांधण्याची विद्या त्याने वडिलांकडून घेतली, आणि वाढताना कसे वाकावे हे तो आपले आपणच शिकला. देशात दुष्काळ पडला तेव्हा राजाने पूर्व वेशीबाहेर दानशाळा उघडली आणि तिचा सगळा कारभार शीलकाच्या हाती दिला.

रोहिणिका त्या दानशाळेत प्रथम आली ती कामाला नव्हे, जेवायला. तिचा नवरा काम शोधायला दक्षिणेकडे गेला होता तो परतलाच नव्हता. कडेवर उत्पला नावाची तान्ही मुलगी होती. रांगेत तिची पाळी आली तेव्हा शीलकाने पानावर भात वाढला, त्यावर मुगाचे वरण घातले आणि विचारले, "ताई, नाव काय तुझं?" उपाशी माणसाला नाव विचारणारा तिला तोवर कुणी भेटला नव्हता. तिने नाव सांगितले. मग त्याने बाळाचेही विचारले.

काही दिवस ती येत राहिली. मग एका सकाळी जेवून झाल्यावर ती उठून गेलीच नाही. बाजूला पडलेले सूप तिने ओढून घेतले आणि तांदूळ पाखडायला बसली. शीलकाने ते पाहिले. दुपारी कामकऱ्यांची पंगत बसली तेव्हा त्याने एक पान जास्त मांडले, एवढेच.

ते पहिले दिवस रोहिणिकेला पुढे जन्मभर आठवत राहिले. दानशाळेभोवती करंजाची झाडे होती आणि चुलवणांचा धूर त्यांच्या पानांतून हळूहळू वर जाई. पलीकडे बायका जात्यावर दळायला बसत. एकीने गाण्याची ओळ धरली की दुसरी ती उचलून घेई, आणि पीठ संपले तरी गाणे संपत नसे. भाजी चिरायला देवल नावाचा म्हातारा होता. प्रत्येक भोपळा हातात घेऊन तो त्याच्या स्वभावाविषयी काहीतरी बोले. हा रुसका आहे, हा आळशी आहे, याचे लग्न जमणार नाही. छोटी उत्पला धान्याच्या रिकाम्या टोपलीत झोपलेली असे आणि येताजाता कुणी ना कुणी टोपलीला हलका झोका देई.

काम तेव्हाही थोडे नव्हते. पण शेवटचा पाहुणा हात धुऊन उठला की हंडे पालथे घातले जात आणि सगळे सावलीला बसत. शीलक आधी सर्वांना वाढी, मग आपले पान घेई.

राजा तेव्हा अंगाने चपळ होता. सकाळी घोड्यावरून फेरी मारून परतताना तो वेशीपाशी उतरत असे, छत्रधाऱ्याला मागेच थांबवत असे आणि चुलीपाशी उकिडवा बसून हंड्याच्या तळाची खरवड मागत असे. एकदा त्याने देवलाच्या हातून सुरी घेतली आणि भोपळा चिरताना बोट कापून घेतले. देवलाने चिंधी बांधता बांधता म्हटले, "महाराज, तुम्ही राज्यच करा." राजा इतका हसला की बाहेर रांगेत बसलेली माणसेही हसू लागली. दुष्काळाचे दिवस होते ते, पण रोहिणिकेला त्यांतले हसूच जास्त आठवे.

दुष्काळ सरला. दानशाळा चालूच राहिली, कारण भुकेले प्रवासी, अनाथ आणि म्हातारे सुकाळातही असतात. हळूहळू तिची कीर्ती पसरली. भाट दूरदूरच्या दरबारांत भद्रसेनाच्या दानाची गीते गाऊ लागले आणि ती गीते फिरून पुन्हा भद्रसेनाच्या कानी येऊ लागली. राजाने पश्चिम वेशीला दुसरी दानशाळा उघडली. पुढे दक्षिणेला तिसरी, मग उत्तरेला चौथी. प्रत्येक वेळी मंडप नवा बांधला गेला, तोरणे नवी लागली, पण माणसे तीच राहिली.

दानाचा विभाग आता महीधर नावाच्या अमात्याकडे होता. महीधर काही दुष्ट नव्हता. तो लाच घेत नसे, कोठारातला दाणा इकडचा तिकडे होऊ देत नसे. फक्त तो दानशाळेत कधी येत नसे. संध्याकाळी त्याला निरोप पोचे की आजही कुणी उपाशी परतले नाही, आणि तो समाधानाने दिवा लावायला सांगे.

बोधिसत्त्व त्याच्याकडे वरचेवर जाई. "अमात्य, माणसं कमी पडतात," तो म्हणे.

"काल आलेली सगळी माणसं जेवली ना?"

"जेवली."

"मग कमी कुठे पडली?"

बोधिसत्त्व हात जोडून निघे. तो परत येई, कमरेला पंचा कसून बांधी आणि दोन माणसांचे काम स्वतः उचली. दिवस कसाबसा पार पडे. आणि तो पार पडला म्हणूनच महीधराला दुसऱ्या दिवशीही काही कमी दिसत नसे.

सर्वांत जास्त काम रोहिणिकेवर येऊ लागले, कारण ती कधी नाही म्हणत नसे. तिला पीठ मळायला सांगितले तर ती मळता मळता वरण ढवळी. पश्चिम वेशीला माणूस नसला की भाताचे हंडे गाडीत चढवून ती तिकडे जाई, तिथे वाढून परत पूर्वेला येई. जे काम तिला दिले ते होते, हे एकदा सर्वांना कळले, तेव्हापासून जे काम कुणाकडून होत नसे ते तिच्याकडे येई. तिलाही ते आवडे असे नाही, पण ज्या घराने आपल्याला भूक लागलेली असताना जेवू घातले त्या घरात नाही म्हणणे तिला कृतघ्नपणाचे वाटे.

जात्यावरची गाणी केव्हा थांबली ते कुणालाच सांगता आले नसते. दुपारी सावलीला बसणे बंद झाले. नव्या चुलवणांना जागा हवी म्हणून करंजाची झाडेही तोडली गेली. कामकरी आता उभ्याउभ्या दोन घास तोंडात टाकीत आणि पुढच्या वेशीकडे धावत. देवलाचे हात थरथरू लागले होते. एके दिवशी त्याने सुरी खाली ठेवली, "जरा पाठ टेकतो" म्हणून घरी गेला, आणि पुन्हा आला नाही. काही दिवसांनी तो गेल्याचे कळले. रोहिणिकेला त्याच्या दारी जायचे होते, पण तेवढी सवड निघाली नाही. त्याच्या वाटची भाजी ती चिरू लागली. चिरताना ती भोपळ्यांशी काही बोलत नसे.

उत्पला आता टोपलीत मावण्याएवढी लहान राहिली नव्हती. ती घरी एकटी असे. शेजारची म्हातारी तिच्याकडे बघे, पण म्हातारीलाच कमी दिसे. रोहिणिका उजाडायच्या आत निघे आणि दिवेलागणीनंतर परते. आल्यावर ती मुलीला जवळ घेई खरी, पण घेता घेताच तिला झोप लागे.

एका सकाळी दोघे मिळून भाताचा हंडा चुलीवरून उतरवत असताना रोहिणिका बोधिसत्त्वाला म्हणाली, "दादा, काल एक गोष्ट झाली." तिचा आवाज अगदी साधा होता, जणू मीठ संपल्याचे सांगत होती. "काल रात्री उत्पला म्हणाली, आई, मी आज दानशाळेत आले होते. रांगेत बसले. तू मला वाढलंस. तू वर पाहिलं नाहीस, म्हणून मी परत रांगेत बसले. तू परत वाढलंस."

बोधिसत्त्वाने हंडा जमिनीवर टेकवला.

"रडली का ती?"

"नाही. भात छान होता म्हणाली." रोहिणिकेने पदराने हात पुसले. "मी आठवून पाहिलं, दादा. काल कुणाकुणाला वाढलं ते आठवून पाहिलं. मला एकही तोंड आठवत नाही. नुसती पानं आठवतात."

तेवढ्यात गाडीवाल्याने हाक मारली आणि ती हंडा उचलायला वाकली. बोधिसत्त्वाने तो तिला उचलू दिला नाही. त्याने तो स्वतःच गाडीत चढवला. त्याच्या मनात आले, की मी या बाईला तिचे नाव विचारून पान वाढले होते. आणि आज माझ्याच दानशाळेत तिचे मूल तिच्यासमोर बसून परक्यासारखे जेवून गेले. मी इतकी वर्षे निभावून नेले, ते कुणाच्या जिवावर नेले?

त्याच दिवशी राजाचे बोलावणे आले. राजवाड्यात रोजच्या स्वयंपाकातले पहिले पान पाठवायची रीत होती. ते घेऊन रोहिणिका बोधिसत्त्वाबरोबर गेली आणि दरबाराच्या दाराशी उभी राहिली. त्यामुळे पुढे जे घडले ते तिने आपल्या कानांनी ऐकले.

राजा प्रसन्न होता. म्हणाला, "शीलका, अवंतीच्या राजाकडे आपल्याहून जास्त दानशाळा आहेत म्हणे. फाल्गुनात नदीची जत्रा भरेल तेव्हा आपण काठावर पाचवी उघडू. अवंतीचा दूत यायचाच आहे, त्याच्या देखतच उघडू. तुला मी दानाध्यक्ष करतो. नदीपलीकडचं आमराईचं गाव तुझ्या घराण्याला देतो."

बोधिसत्त्वाने हात जोडले. "महाराज, पाचवी दानशाळा मी उघडणार नाही. चौथीही आम्हाला झेपत नाही, तिसरीही झेपत नव्हती. आम्ही ओढून नेत होतो, आणि ओढताना दिसू नये याची काळजी घेत होतो. ती चूक माझी आहे."

राजाचा चेहरा उतरला. "चारही वेशींवर लोक जेवतात ते मग काय?"

"जेवतात, महाराज. पण वाढणारे जेवत नाहीत."

महीधर पुढे झाला. "महाराज, हा थकला आहे. वय झालं की असं होतं."

"आणि तुझ्या हट्टापायी एखादा भुकेला दारातून परत गेला," राजा म्हणाला, "तर ते पाप कुणाच्या माथी, शीलका?"

"तो परत जाऊ नये म्हणूनच बोलतो आहे. दाराशी उभ्या असलेल्या या बाईकडे पाहावं. ही उभी आहे ती नुसत्या सवयीनं. ही पडली तर चारही वेशींवरची माणसं परत जातील."

राजाने दाराकडे पाहिले. सगळा दरबार वळला. इतके डोळे आपल्यावर आलेले पाहताच रोहिणिकेने पदर नीट केला, पाठ ताठ केली आणि हसली. इतक्या वर्षांची सवय होती ती. कुणी पाहिले की ती नीट उभी राही.

"ही तर ठणठणीत दिसते," राजा म्हणाला.

"बाई," महीधराने विचारले, "शीलक नसला तर तू सांभाळशील ना पाचही ठिकाणं?"

"सांभाळीन," रोहिणिका म्हणाली. तो शब्द तोंडातून गेल्यावरच तिला तो ऐकू आला.

राजाने तिथल्या तिथे बोधिसत्त्वाला मुख्यपणावरून दूर केले आणि कारभार रोहिणिकेच्या नावे केला. बोधिसत्त्वाने कमरेला बांधलेल्या कोठाराच्या किल्ल्या सोडून तिच्या हातात दिल्या. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर रोहिणिका दानशाळेत पोचली, तेव्हा तो नदीकाठी बसून राखेने हंडे घासत होता.

ती त्याच्यापाशी गेली. म्हणाली, "दादा, मी तुम्हाला तोंड दाखवायच्या लायकीची नाही. पण तुम्ही इथे का बसलात? तुमच्या हातात विद्या आहे. कुठल्याही श्रेष्ठीच्या घरी तुम्हाला पाट मांडून बसवतील."

"मी गेलो तर ही भांडी तुझ्या वाट्याला येतील," बोधिसत्त्व म्हणाला आणि हंडा फिरवून दुसऱ्या बाजूने घासू लागला.

जत्रा जवळ येत गेली. काठावर पाचवा मंडप उभा राहू लागला. रोहिणिका मुख्य झाली म्हणून तिचे आधीचे काम काही कमी झाले नव्हते. त्यावर आता महीधराचे निरोप येऊ लागले. दळणाऱ्या बायकांतली एक चक्कर येऊन पडली. गाडीवाल्याच्या मांडीवर उकळती पेज सांडली, आणि फडके बांधून तो तसाच गाडीवर बसला. त्या दुपारी रोहिणिका पुन्हा नदीकाठी आली आणि वाळूत बसली.

"दादा, मला नाही म्हणायला शिकवा. मला ते येत नाही."

"येतं की," बोधिसत्त्व म्हणाला. "तू रोज म्हणतेस."

"कुणाला?" तिने विचारले.

"महीधर काही मागतो, तू हो म्हणतेस. गाडीवाला, दळणारी, रांगेतला माणूस, सगळ्यांना हो म्हणतेस. एवढे हो म्हटले की कुठेतरी एक नाही म्हणावंच लागतं. ते तू रोज एकाच माणसाला म्हणतेस. जो मोठ्यानं मागत नाही त्याला." त्याने हंडा पालथा घातला. "मीही तेच करत आलो, ताई. महीधराला नाराज करायचं नव्हतं म्हणून तुम्हा सगळ्यांना नाही म्हणत आलो. तुला शिकवण्याएवढा मी शहाणा नाही. मला फक्त थोडं आधी दिसलं."

रोहिणिका उठली तेव्हा उन्हे कलली होती. त्या दिवशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती उजेड असताना घरी गेली. उत्पला दारात खडे मांडून खेळत होती. आईला पाहून ती म्हणाली, "काही विसरलं का?"

जत्रेच्या दिवशी नदीकाठ माणसांनी फुलला होता. पाचव्या मंडपाला आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते. राजा अवंतीच्या वृद्ध दूताला बरोबर घेऊन आला. महीधराने रोहिणिकेला पुढे बोलावले. राजा दूताला म्हणाला, "या बाईच्या हाती आमच्या चारही दानशाळा आहेत. आजपासून ही पाचवी." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "चूल पेटव."

रोहिणिका खाली पाहत उभी होती. ती काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

तिने मान वर केली. "नाही, महाराज. आमच्याकडून होणार नाही."

महीधर पुढे येऊ लागला. राजाने हाताने त्याला थांबवले. राजाचे कान लाल झाले होते, पण दूत शेजारी होता. "दरबारात तू हो म्हणालीस."

"तेव्हा मला दुसरं काही म्हणता येत नव्हतं."

"आणि आता?"

"आता शिकते आहे." तिने सांगायला सुरुवात केली. तिने देवलाचे सांगितले, गाडीवाल्याचे सांगितले, आणि शेवटी उत्पलेचे सांगितले. दोनदा रांगेत बसलेल्या मुलीबद्दल बोलताना तिने कुणाला दोष दिला नाही. "महाराज, हजारो लोकांना मी वाढलं," ती म्हणाली. "पण मी त्यांना पाहिलेलं नाही."

मग अवंतीचा दूत हळूच म्हणाला, "आमच्याकडे दानशाळा जास्त आहेत, हे खरं आहे. पण त्यांच्या चुलीपाशी मी कधी गेलेलो नाही. आमचे महाराजही गेले नसावेत."

"देवल गेला?" राजाने विचारले. "तो भोपळेवाला देवल? मला कुणी सांगितलं नाही."

"आम्हालाही जायला जमलं नाही, महाराज," रोहिणिका म्हणाली.

राजाने शीलक कुठे आहे ते विचारले आणि तो एकटाच काठाकाठाने चालत गेला. रोहिणिका थोडे अंतर ठेवून त्याच्या मागोमाग गेली. बोधिसत्त्व कोपरापर्यंत राखेने माखलेला होता. राजाला पाहून तो उठू लागला, तर राजाने त्याला बसायला सांगितले आणि स्वतः जवळच्या दगडावर बसला. त्याचे गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नव्हते.

"मी रोज यायचो," राजा म्हणाला. "आठवतं तुला?"

"आठवतं. रोहिणिका तुमच्यासाठी खरवड राखून ठेवायची. तुम्ही यायचे थांबलात, तरी कितीतरी दिवस ठेवत होती."

राजा पाण्याकडे पाहू लागला. मग म्हणाला, "शीलका, मी वाईट काम केलं नाही. मी भुकेल्यांना अन्न दिलं."

"दिलंत, महाराज. धान्य तुमच्या कोठारातलं होतं, ते तुम्ही दिलंत. त्याचं पुण्य कुणी तुमच्याकडून काढून घेणार नाही. पण त्या धान्याबरोबर देवलाचे हात गेले. या बाईचे दिवस गेले. एका मुलीचं लहानपण गेलं. ते तुमच्या कोठारातलं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांना न विचारता ते दिलं गेलं, आणि मी ते देऊ दिलं."

"ज्याचं आहे त्याला न विचारता दिलं," राजा सावकाश म्हणाला, "त्याला दान म्हणत नाहीत. मग काय म्हणतात?"

बोधिसत्त्व हंडा घासत राहिला. न दिलेले घेऊ नये, हे व्रत राजा दर पौर्णिमेला स्वतःच्या तोंडाने म्हणत असे. त्याला उत्तर ठाऊक होते. त्याने डोळे मिटले आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळले.

त्या दिवशी पाचवी दानशाळा उघडली नाही. तोरण तसेच वाळून गेले. राजाने बोधिसत्त्वाला पुन्हा मुख्य केले आणि काय करावे ते विचारले. बोधिसत्त्वाने सांगितले तसे दोन दानशाळा बंद झाल्या आणि उरलेल्या दोन्हींत पुरेसे हात आले. कामकऱ्यांना आळीपाळीने सुटी मिळू लागली. बंद झालेल्या वेशींवर येणारी माणसे उपाशी राहू नयेत म्हणून बोधिसत्त्व नगरातल्या आळी-आळीत फिरला. कुंभारांनी एक दिवस उचलला, विणकरांनी दुसरा. लोक पाहुण्याला घरी नेऊन आपल्याबरोबर जेवायला बसवू लागले. सुरुवातीला घडी नीट बसली नाही. काही दिवस काही माणसे दोन बंद दारांशी जाऊन परतली, आणि त्यांनी राजाला शिव्या दिल्या. राजाने त्या ऐकून घेतल्या. भाट अवंतीला निघून गेले. महीधराला राजाने पदावरून काढले नाही, पण महिन्यातला एक दिवस चुलीपाशी काढायला लावले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच तो म्हणाला, "इथे माणसं कमी आहेत." कुणी हसले नाही, कारण तो मनापासून बोलला होता.

जुने दिवस मात्र परत आले नाहीत. देवल नव्हता. झाडे नव्हती. जात्यावर नव्या बायका होत्या, त्यांना जुनी गाणी येत नव्हती आणि रोहिणिकेलाही मधल्या ओळी आठवेनात. राजा पुन्हा येऊ लागला, पण त्याला चौरंग द्यावा लागे. रोहिणिका दुपारनंतर घरी जाई. उत्पला तिच्याकडे लगेच धावत आली नाही. तिला एकटे राहायची सवय झाली होती, आणि आई घरात असली की तिला कुठे बसावे ते सुचत नसे. ते अवघडलेपण सरायला पुष्कळ दिवस लागले. मग एका दुपारी रोहिणिकेने पान वाढले, आणि उत्पला जेवता जेवता आपल्या मैत्रिणींशी झालेले भांडण सांगू लागली. ते लांबलचक भांडण रोहिणिकेने शेवटपर्यंत ऐकले.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, जेतवन विहारात सांगितली, ती सुमन नावाच्या भिक्खूच्या निमित्ताने. सुमन कुणालाही नाही म्हणत नसे. पाहुण्यांची सोय, आजाऱ्यांची औषधे, भिक्षेच्या वाटण्या, चीवरांची शिलाई, जे काम उरेल ते विहाराची व्यवस्था पाहणारे ज्येष्ठ भिक्खू थेर गिरिदत्त त्याच्यावर सोपवीत. ध्यानाला बसायला त्याला वेळ उरला नव्हता. एकदा धर्मश्रवण चालू असताना तो बसल्या जागी झोपला आणि त्याच्या हातचे भिक्षापात्र घरंगळत गेले. काही भिक्खू हसले, काहींनी त्याला आळशी म्हटले. तेव्हा शास्त्याने ही कथा सांगितली.

कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, "भिक्खूंनो, त्या वेळची रोहिणिका म्हणजे आजचा सुमन. राजा भद्रसेन म्हणजे थेर गिरिदत्त. त्यांनी विहार उत्तम चालवला, पण तो कुणाच्या खांद्यावर चालतो हे पाहायचे राहून गेले. देवल म्हणजे गेल्या पावसाळ्यातल्या वर्षावासात निवर्तलेला म्हातारा भिक्खू, ज्याच्या आजारपणात कुणाला सवड झाली नाही. उत्पला म्हणजे तुमच्यातला नवा, अजून बाल श्रामणेर राध. महीधराचे नाव मी घेत नाही. जे आज हसले त्यांनी आपापल्या मनात पाहावे. आणि दानशाळेचा आचारी शीलक तो मीच होतो."

थेर गिरिदत्त उठले. झोपलेल्या सुमनाला कुणी जागे करू नये अशी त्यांनी खूण केली, आणि त्याचे पात्र उचलून ते स्वतःच धुवायला घेऊन गेले.

देणारा मोठा, घेणाऱ्याची कणव करणारा त्याहून मोठा. पण त्या दोघांच्या मधे जो राबतो त्याच्यापर्यंतही ज्याचे मन पोचते, त्यानेच मैत्रीची पराकाष्ठा, तिची पारमिता, पूर्ण केली असे जाणावे.